व्ह्यूमधून नोंद टाकताना डिफॉल्ट कुठे गळतं: टेबलपासून ट्रिगरपर्यंत, क्रमाने

रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या आवक नोंदीची सॉफ्टवेअरची कामं मी करतो. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. टेबलवर डिफॉल्ट, म्हणजे किंमत दिली नाही तर आपोआप बसणारी किंमत, व्यवस्थित लावलेलं असतं, थेट टेबलमध्ये नोंद टाकली तर रकाना भरतो, पण तीच नोंद व्ह्यूमधून, म्हणजे टेबलचा ठरावीक भाग दाखवणाऱ्या खिडकीतून, टाकली की रकाना कोरा राहतो किंवा भलतीच किंमत बसते. मग कोणीतरी ट्रिगर, म्हणजे नोंद पडताना आपोआप चालणारा कोड, लावतो, दुसरा फॉर्ममध्येच किंमत कोंबतो, आणि सहा महिन्यांनी कुठली किंमत कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही. हे टाळायचं असेल तर पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो. इथे तो पोस्टग्रेससाठी दिला आहे. बाकीच्या डेटाबेसचे फरक शेवटाकडे आहेत.

वाचायला सोपं जावं म्हणून आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना आज्ञेचे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच टाका. टेबल आणि कॉलमची नावं मात्र पोस्टग्रेसला देवनागरीत चालतात. फक्त नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २१ चिन्हांत नाव बसवा, नाहीतर पुढचा भाग कापला जातो.

उदाहरणाचं टेबल

टेबलचं नाव केळी_आवक. कॉलम असे:

पावती_क्र: आपोआप वाढणारा
तारीख: डिफॉल्ट आजची तारीख
केंद्र: नॉट नल (नल म्हणजे किंमतच नसणं, ते इथे चालत नाही), डिफॉल्ट 'रावेर'
शेतकरी_क्र: नॉट नल, डिफॉल्ट नाही
बाग (मालाचा प्रकार: नवती, पिलबाग, कांदेबाग): डिफॉल्ट 'नवती'
वजन: क्विंटलमध्ये, नॉट नल
दर: डिफॉल्ट नाही
नोंद_करणारा: डिफॉल्ट करंट_यूजर
स्थिती: डिफॉल्ट 'कच्ची'

प्रत्येक केंद्रासाठी एक व्ह्यू आहे: रावेर_आवक, सावदा_आवक, चोपडा_आवक. केंद्रावरच्या माणसाला मूळ टेबल दिसत नाही, फक्त आपला व्ह्यू दिसतो.

१. आधी चार गोष्टी वेगळ्या ओळखा

निम्म्या चुका इथेच होतात. ‘रकाना रिकामा सोडला’ असं सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्याचे चार अर्थ निघू शकतात, आणि डेटाबेस या चौघांशी एकसारखं वागत नाही.

कॉलमचं नावच इन्सर्टमध्ये, म्हणजे नोंद टाकण्याच्या आज्ञेत, घेतलं नाही, तर डिफॉल्ट लागतं. नाव घेऊन किंमतीच्या जागी डिफॉल्ट हा शब्द लिहिला, तरी डिफॉल्ट लागतं. नाव घेऊन नल दिलं, तर नलच बसतं. डिफॉल्ट त्याकडे फिरकतही नाही, कारण तुम्ही किंमत दिलेली आहे, ती नल आहे इतकंच. आणि नाव घेऊन रिकामी अक्षरमाळ दिली, म्हणजे दोन अवतरण चिन्हं आणि मध्ये काहीच नाही, तर ती नलही नाही आणि डिफॉल्टही नाही. नॉट नलची अट तिला अडवत नाही आणि ‘नल असलेल्या नोंदी दाखव’ म्हटलं तर ती सापडतही नाही.

एका केंद्रावरच्या दिवाणजींनी मला संध्याकाळी पावती दाखवली. “भाऊ, बाग कोणती तेच उमटत नाही. शेतकरी म्हणतो, माझा माल नवती होता, तुम्ही पिलबागचा भाव लावला.” टेबलवर डिफॉल्ट होतं, व्ह्यू साधा होता. पण फॉर्म बागेच्या रकान्यात रिकामी अक्षरमाळ पाठवत होता. दराचा हिशोब ‘नवती असेल तर हा दर, नाहीतर तो’ असा लिहिलेला, म्हणून रिकामी बाग सरळ ‘नाहीतर’मध्ये जात होती. डेटाबेसने काहीच चुकवलं नव्हतं. फॉर्मचं ते कोड माझंच होतं, आणि त्या आठवड्याच्या पावत्या पुन्हा काढून द्याव्या लागल्या.

तपासणी: डेटाबेसला हात लावण्याआधी फॉर्म नेमकं कोणतं इन्सर्ट पाठवतो ते सर्व्हरच्या लॉगमध्ये डोळ्यांनी बघा. लॉग_स्टेटमेंट ही सेटिंग ‘मॉड’वर ठेवली की प्रत्येक इन्सर्ट लिहिला जातो.

२. टेबलवरची डिफॉल्ट आधी नीट करा

व्ह्यूचा विचार नंतर. पाया कच्चा असेल तर वरची डागडुजी फुकट जाते.

तारखेचं डिफॉल्ट विशेष जपा. केळीची कापणी आणि गाड्या भरणं पुष्कळदा पहाटेच सुरू होतं. सर्व्हर यूटीसी वेळेवर असेल आणि डिफॉल्ट नुसतं करंट_डेट असेल, तर पहाटे ४ वाजता टाकलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख बसते, कारण यूटीसीत तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद चुकते. दिवसा चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. उपाय: डिफॉल्टमध्येच आशिया/कोलकाता हा टाइमझोन लावून मग तारीख काढा.

दुसरं, ‘नाऊ’ हा शब्द अवतरण चिन्हांत घालून टाइमस्टँप म्हणून डिफॉल्टला देऊ नका. टेबल बनवतानाच त्याची किंमत ठरते आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच क्षणाची दिसते. नाऊ() असं फंक्शन म्हणून लिहा. तेही व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू झाल्याची वेळ देतं. एकाच व्यवहारात पन्नास नोंदी टाकल्या तर पन्नासांवर एकच वेळ येईल.

नोंद_करणारा या कॉलमचं डिफॉल्ट करंट_यूजर असेल तर व्ह्यूमधून टाकतानाही प्रत्यक्ष नोंद टाकणाऱ्याचंच नाव बसतं, व्ह्यूच्या मालकाचं नाही. मात्र प्रत्येक केंद्राला डेटाबेसचं वेगळं लॉगिन हवं. सगळं अ‍ॅप एकाच लॉगिनने जोडलेलं असेल तर हा कॉलम सगळ्यांसाठी एकच नाव दाखवेल.

इशारा: ज्या कॉलमला खरोखर डिफॉल्ट असू नये त्याला ‘चालून जाईल’ म्हणून शून्य लावू नका. वजन विसरलं तर नोंद अडली पाहिजे. शून्य क्विंटलची पावती शेतकऱ्याच्या हातात जाणं हे अडण्यापेक्षा वाईट.

३. व्ह्यू साधा आहे का, ते ठरवा

पोस्टग्रेस ९.३ पासून साध्या व्ह्यूमध्ये थेट नोंद टाकता येते. साधा म्हणजे फ्रॉममध्ये एकच टेबल किंवा तसाच एक साधा व्ह्यू. वरच्या पातळीवर डिस्टिंक्ट, ग्रुप बाय, हॅविंग, लिमिट, ऑफसेट, विथ किंवा युनियन नाही. कॉलमच्या यादीत बेरीज-सरासरीसारखी फंक्शनं किंवा विंडो फंक्शन नाही.

तपासणी: इन्फर्मेशन_स्कीमामधल्या व्ह्यूज या यादीत तुमच्या व्ह्यूसमोर इज_इन्सर्टेबल_इन्टू काय म्हणतं ते बघा. ‘यस’ असेल तर पुढची पायरी ४. ‘नो’ असेल आणि इज_ट्रिगर_इन्सर्टेबल_इन्टू ‘यस’ असेल तर हा ट्रिगरवाला व्ह्यू आहे, तेव्हा पायरी ६ सर्वांत जपून वाचा.

इथे एक चूक फार दिसते. कोऱ्या बागेवर इलाज म्हणून कोणी व्ह्यूच्या व्याख्येतच असं लिहितं:

कोअलेस(बाग, 'नवती') अ‍ॅज बाग

कोअलेस म्हणजे बाग नल असेल तर ‘नवती’ घ्या. दिसायला छान दिसतं, पण आता बाग हा मूळ कॉलम राहिला नाही, तो हिशोब झाला. त्यात किंमत टाकायला गेलात तर पोस्टग्रेस नकार देतो. आणि टाकली नाहीत, तर टेबलमध्ये नल असलं तरी व्ह्यूत ‘नवती’ दिसत राहतं, म्हणजे खरी कोरी नोंद झाकली जाते. दाखवताना भरलेली किंमत आणि साठवताना भरलेली किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. कोअलेस हवंच असेल तर बाग_दाखव असा वेगळा कॉलम शेवटी जोडा आणि मूळ बाग तसाच ठेवा. असे मिश्र व्ह्यू ९.४ पासून चालतात.

४. साध्या व्ह्यूत कोणाचं डिफॉल्ट चालतं

क्रम असा. इन्सर्टमध्ये कॉलम गाळला की आधी व्ह्यूच्या त्या कॉलमला स्वतःचं डिफॉल्ट आहे का ते बघितलं जातं. असेल तर तेच लागतं, टेबलचं विचारलंही जात नाही. नसेल तर खालच्या टेबलचं लागतं. व्ह्यूवर व्ह्यू असेल तर वरचा, मग मधला, मग टेबल. व्ह्यूत न घेतलेल्या कॉलमना नेहमी टेबलचं डिफॉल्ट लागतं. ते नसेल आणि नॉट नल असेल तर नोंद अडते.

आता सावद्याचा व्ह्यू घ्या:

क्रिएट व्ह्यू सावदा_आवक अ‍ॅज
सिलेक्ट पावती_क्र, तारीख, केंद्र, शेतकरी_क्र, बाग, वजन, दर
फ्रॉम केळी_आवक व्हेअर केंद्र = 'सावदा';

सावद्याचा माणूस केंद्र न लिहिता नोंद टाकतो. व्ह्यूला स्वतःचं डिफॉल्ट नाही, म्हणून टेबलचं ‘रावेर’ लागतं. नोंद यशस्वी झाल्याचा संदेश येतो. पण व्ह्यू उघडला तर नोंद नाही, कारण ती रावेरच्या खात्यात गेली. माणूस पुन्हा टाकतो, पुन्हा गायब. रावेरच्या व्ह्यूत एकाच गाडीच्या तीन नोंदी जमतात. व्हेअरची अट वाचताना गाळते, लिहिताना काहीच भरत नाही. व्ह्यू ‘सावद्याचा’ आहे म्हणून केंद्र आपोआप सावदा होईल असं कित्येकांना वाटतं, ते खरं नाही.

५. व्ह्यूला स्वतःचं डिफॉल्ट द्या, आणि कुलूपही लावा

क्रिएट व्ह्यूमध्ये डिफॉल्ट लिहिता येत नाही. ते नंतर वेगळं लावावं लागतं:

आल्टर व्ह्यू सावदा_आवक
आल्टर कॉलम केंद्र सेट डिफॉल्ट 'सावदा';

चोपड्यासाठी ‘चोपडा’, रावेरसाठी ‘रावेर’. एकच टेबल, पण प्रत्येक दारातून आत येणाऱ्या नोंदीवर त्या दाराचा शिक्का. मला हा उपाय ट्रिगरपेक्षा कितीतरी बरा वाटतो. तो एका ओळीचा आहे, आणि पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डी देऊन व्ह्यू बघितला की डिफॉल्टच्या रकान्यात उघड दिसतो.

पण डिफॉल्ट म्हणजे सक्ती नव्हे. कोणी मुद्दाम केंद्र = 'रावेर' लिहिलं तर तेच जाईल. म्हणून व्ह्यूच्या शेवटी विथ चेक ऑप्शन जोडा. हेही ९.४ पासून आहे. मग अटीत न बसणारी नोंद चुकीच्या खात्यात न जाता तिथेच अडते. केंद्र नल दिलं तरी अडते.

इशारा १: आधी डिफॉल्ट, मग चेक ऑप्शन. क्रम उलटा केलात तर मधल्या वेळात केंद्र गाळणारी प्रत्येक नोंद परत फिरेल, आणि ती वेळ नेमकी गाड्या उभ्या असल्याची असते. दोन्ही एकाच व्यवहारात केलंत तर उत्तम.

इशारा २: व्ह्यूत नसलेल्या कॉलमला व्ह्यूचं डिफॉल्ट लावता येत नाही. ‘केंद्र दाखवायचंच नाही’ म्हणून तो कॉलम व्ह्यूतून काढलात तर ही वाट बंद झाली. कॉलम व्ह्यूत ठेवा, फॉर्मवर लपवा.

इशारा ३: हिशोबाच्या कॉलमला, उदाहरणार्थ वजन गुणिले दर, डिफॉल्ट लावू नका. लावलंत तर तो कॉलम गाळणारी प्रत्येक नोंद अडेल, कारण डिफॉल्ट भरायला जाताच तो कॉलम लिहिण्याजोगा नाही हे पोस्टग्रेसच्या लक्षात येतं.

६. इन्स्टेड ऑफ ट्रिगर असेल तर

इथे सर्वांत जास्त गळती होते, म्हणून थोडं थांबून वाचा.

समजा व्ह्यूत शेतकऱ्यांचं टेबलही जोडलं आहे, म्हणजे जॉइन आहे. तो साधा राहिला नाही, आणि त्यावर इन्स्टेड ऑफ इन्सर्ट ट्रिगर (व्ह्यूतल्या इन्सर्टच्या ऐवजी चालणारा) लावावा लागतो. अशा व्ह्यूत कॉलम गाळला की व्ह्यूचं डिफॉल्ट असेल तर तेच न्यूमध्ये, म्हणजे ट्रिगरच्या हाती येणाऱ्या नव्या नोंदीत, येतं. नसेल तर नल येतं. टेबलचं डिफॉल्ट इथे लागत नाही, कारण ट्रिगर आत कुठल्या टेबलमध्ये काय टाकणार हे पोस्टग्रेसला ठाऊक नसतं. मग ट्रिगरमध्ये बहुतेक जण हे लिहितात:

इन्सर्ट इन्टू केळी_आवक (केंद्र, शेतकरी_क्र, बाग, वजन)
व्हॅल्यूज (न्यू.केंद्र, न्यू.शेतकरी_क्र, न्यू.बाग, न्यू.वजन);

बाहेरच्या माणसाने बाग गाळली होती. पण या आतल्या इन्सर्टने बागेचं नाव घेतलं आणि नल दिलं. पायरी १ आठवा: नाव घेऊन नल दिलं की नलच बसतं. टेबलवरचं ‘नवती’ जागच्या जागी राहतं आणि पावती कोरी निघते.

उपाय तीन, आणि कुठला कधी वापरायचा ते कॉलमवर ठरतं.

पहिला: आल्टर व्ह्यू वापरून व्ह्यूलाच डिफॉल्ट द्या. ट्रिगर चालण्याआधीच किंमत न्यूमध्ये भरलेली येते, आणि मुद्दाम दिलेलं नल नलच राहतं. मी बहुतेक वेळा हाच घेतो. तोटा इतकाच की तीच किंमत टेबलवर आणि व्ह्यूवर अशी दोन ठिकाणी सांभाळावी लागते.

दुसरा: ट्रिगरमध्ये कोअलेस(न्यू.बाग, 'नवती'). यात मुद्दाम दिलेलं नलही ‘नवती’ होतं. ‘बाग माहीत नाही’ असं नोंदवण्याची सोय हवी असेल तर हा घेऊ नका. फॉर्म रिकामी अक्षरमाळ पाठवत असेल तर आधी नलइफ लावून ती नल करा, मग कोअलेस.

तिसरा: बाहेरून कधीच किंमत येऊ नये अशा कॉलमसाठी, जसं स्थिती किंवा नोंद_करणारा, आतल्या इन्सर्टमध्ये त्या कॉलमचं नावच घेऊ नका. टेबलचं डिफॉल्ट आपोआप लागेल.

ट्रिगरच्या शेवटी एक काम राहतंच. आतल्या इन्सर्टला रिटर्निंग (बसलेल्या किंमती परत देणारा भाग) लावून पावती_क्र, तारीख वगैरे टेबलने भरलेल्या किंमती परत न्यूमध्ये घ्या, आणि रिटर्न न्यू करा. हे केलं नाही तर बाहेरच्या इन्सर्टच्या रिटर्निंगमध्ये पावती क्रमांक नल येतो, आणि अ‍ॅप बिनक्रमांकाची पावती छापतं.

ट्रिगरऐवजी रूल (आज्ञाच बदलून लिहिणारा नियम) वापरायचा सल्ला मिळाला तर घेऊ नका. रूलमध्ये न्यूच्या जागी मूळ सूत्रच चिकटवलं जातं, त्यामुळे व्ह्यूच्या डिफॉल्टमध्ये नेक्स्टव्हॅल (पुढचा क्रमांक देणारं फंक्शन) असेल आणि रूलमध्ये ते दोनदा आलं, तर दोन वेगळे क्रमांक निघतात.

७. क्रमांकाच्या कॉलमची परवानगी

साध्या व्ह्यूत टेबलची परवानगी व्ह्यूच्या मालकाच्या नावाने तपासली जाते. पण पावती_क्र सिरियल असेल, म्हणजे सीक्वेन्स नावाच्या क्रमांक-मोजणीतून भरत असेल, तर त्याच्या डिफॉल्टमधलं नेक्स्टव्हॅल नोंद टाकणाऱ्याच्या नावाने चालतं. म्हणून व्ह्यूवर इन्सर्टचा हक्क देऊनही ‘सीक्वेन्सची परवानगी नाही’ अशी चूक येते. घाबरून लोक टेबलचाच हक्क देऊन टाकतात आणि व्ह्यू ठेवण्याचा हेतूच संपतो. त्याऐवजी फक्त त्या सीक्वेन्सवर यूसेज द्या. नवीन टेबल असेल तर सिरियलऐवजी आयडेंटिटी कॉलम घ्या, जो पोस्टग्रेस १० पासून मिळतो. त्याला वेगळी परवानगी लागत नाही.

८. चाचणी: पाच नोंदी, एकच व्यवहार

बिगिन करा, पुढच्या पाच नोंदी व्ह्यूमधून टाका, प्रत्येकीला रिटर्निंग लावा, निकाल वहीत उतरवा आणि शेवटी रोलबॅक.

अ) बाग गाळून.
आ) बागेच्या जागी डिफॉल्ट शब्द.
इ) बागेला नल.
ई) बागेला रिकामी अक्षरमाळ.
उ) एकाच इन्सर्टमध्ये दोन ओळी, एकीत बाग 'कांदेबाग', दुसरीत डिफॉल्ट शब्द.

एखादी नोंद अडली की पूर्ण व्यवहार अडतो, म्हणून प्रत्येक नोंदीआधी सेव्हपॉइंट ठेवा.

शेवटची चाचणी उगीच दिलेली नाही. फेब्रुवारी २०१९ मधल्या दुरुस्तीआधी, म्हणजे ११.३ च्या आधीच्या ११ मालिकेत, व्ह्यूला डिफॉल्ट नसलं आणि टेबलला असलं तर एका ओळीच्या इन्सर्टमध्ये टेबलचं डिफॉल्ट लागायचं, पण अनेक ओळींच्या इन्सर्टमध्ये त्या जागी नल बसायचं. जुना सर्व्हर अजून चालू असेल तर हे तुमच्याकडेही होईल.

इशारा: रोलबॅकने नोंदी जातात, पण वापरलेले क्रमांक परत येत नाहीत. चालू पावती पुस्तकावर ही चाचणी घेऊ नका, मधले क्रमांक तुटतील आणि हिशोब तपासणीच्या वेळी उत्तर द्यावं लागेल. प्रतीवर घ्या.

सीएसव्ही फाइलमधून भरणार असाल तर आणखी दोन गोष्टी. कॉपी ही आज्ञा साध्या व्ह्यूत चालत नाही, इन्स्टेड ऑफ ट्रिगर असलेल्या व्ह्यूतच चालते. आणि फाइलमधला अवतरण चिन्हाविना रिकामा रकाना नल धरला जातो, डिफॉल्ट नाही. कॉलम यादीतूनच वगळला तर डिफॉल्ट लागतं.

९. व्ह्यू बदलताना

क्रिएट ऑर रिप्लेसने व्ह्यू बदलला तर त्यावरची डिफॉल्ट टिकतात. पण त्याने नवीन कॉलम फक्त शेवटी जोडता येतात. मधला कॉलम काढायचा, क्रम किंवा प्रकार बदलायचा म्हटलं की ड्रॉप करून पुन्हा बनवावा लागतो, आणि ड्रॉपबरोबर डिफॉल्ट, ट्रिगर आणि दिलेले हक्क तिन्ही जातात. हक्क गेले तर लगेच कळतं, नोंदच पडत नाही. ट्रिगर गेला तरी बहुधा कळतं. डिफॉल्ट गेल्याचं मात्र कोणालाच कळत नाही, नोंदी सुखाने पडत राहतात. म्हणून व्ह्यू बनवणाऱ्या फाइलमध्येच क्रिएटच्या लगेच खाली आल्टर व्ह्यूच्या ओळी लिहून ठेवा, वेगळ्या फाइलमध्ये नको.

१०. दुसरा डेटाबेस असेल तर

मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूला स्वतःचं डिफॉल्ट देता येत नाही आणि व्ह्यूवर ट्रिगरही लावता येत नाही. व्ह्यूत न घेतलेल्या कॉलमना टेबलचं डिफॉल्ट लागतं, आणि डिफॉल्ट नसलेला प्रत्येक कॉलम व्ह्यूत असावाच लागतो. क्रमांकाचा कॉलम व्ह्यूत नसेल तर नोंदीनंतर लास्ट_इन्सर्ट_आयडी नवा क्रमांक देत नाही, आधीचाच दाखवतो. पावती छापणाऱ्यांनी हे विसरू नये. ओरॅकलमध्ये १२सी पासून टेबलच्या कॉलमला ‘डिफॉल्ट ऑन नल’ लावता येतं, त्यामुळे मुद्दाम दिलेल्या नलच्या जागीही डिफॉल्ट बसतं. पोस्टग्रेसमध्ये तसंच वागणं सगळ्या वाटांनी हवं असेल तर टेबलवर बिफोर इन्सर्ट ट्रिगर लावा.

११. आधी चुकलेल्या नोंदी

नवी व्यवस्था लागली की मागचं निस्तरायचं उरतं. भलत्या केंद्राच्या नोंदी शोधायला नोंद_करणारा कामाला येतो: केंद्र ‘रावेर’, पण नोंद सावद्याच्या लॉगिनने केलेली. ती यादी काढा. त्याच शेतकऱ्याच्या, त्याच दिवसाच्या, त्याच वजनाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर काटापावतीशी ताडून एकच ठेवा आणि तिचं केंद्र बदला. ही दुरुस्ती मूळ टेबलवर करा. सावद्याच्या व्ह्यूत त्या नोंदी दिसतच नाहीत.

कोऱ्या बागेच्या नोंदींवर मात्र सरसकट सेट बाग = डिफॉल्ट चालवू नका. त्यांतल्या काही खरंच पिलबागच्या असतील आणि दिवाणजींनी घाईत रकाना सोडला असेल. नल आणि रिकामी अक्षरमाळ दोन्ही धरून यादी छापा, केंद्रावर द्या, पावतीच्या कार्बन प्रतीवरून बाग लिहून आणायला सांगा. ज्यांची प्रत सापडत नाही त्या कोऱ्याच ठेवा, आणि त्यांचा दर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बदलू नका.